विश्लेषण : डोळ्याची वीज मोजणारी चाचणी आणि जगदीशचंद्र बोस यांचा चांदीचा डोळा

दिवेलागणीनंतर मूल अंगणात ठेचकाळते, समोरची वस्तू चाचपडत शोधते. पण दिवसा शाळेच्या फळ्यावरचे अक्षर नीट वाचते. मुळशीतल्या डोंगरावरच्या वाडीपासून पुणे शहरातल्या सोसायटीपर्यंत अशी मुले कुठेही असू शकतात. नेत्रतज्ज्ञ डोळे तपासतात आणि काही वेळा इलेक्ट्रोरेटिनोग्राफी, म्हणजे ‘ईआरजी’ ही चाचणी लिहून देतात. डोळ्याचा आतला पडदा, म्हणजे दृष्टिपटल, प्रकाश पडल्यावर विजेच्या रूपात कसा प्रतिसाद देतो हे ती मोजते. रेडिओ लहरी आणि वनस्पतींवरील प्रयोगांसाठी सर्वांना माहीत असलेले जगदीशचंद्र बोस सव्वाशे वर्षांपूर्वी याच विजेच्या मागे लागले होते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. ही चाचणी बोस यांनी शोधलेली नाही. पण एखादी गोष्ट कशी दिसते यापेक्षा ती प्रतिसाद काय देते यावरून तिची अवस्था ओळखावी, हा या चाचणीमागचा विचार त्यांच्या संशोधनाचा गाभा होता.

डोळ्यात वीज येते कुठून?

दृष्टिपटलात प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. ‘रॉड’ पेशी मंद प्रकाशात पाहण्याचे काम करतात. एका डोळ्यात त्या सुमारे १२ कोटी असतात. ‘कोन’ पेशी सुमारे ६० लाख. रंग ओळखणे, बारीक अक्षर वाचणे, भर उजेडात पाहणे हे त्यांचे काम. प्रकाश पडला की या पेशींमधून वाहणाऱ्या विद्युतभारित कणांचा प्रवाह बदलतो. हा बदल पुढच्या थरातील पेशी उचलतात आणि शेवटी नसेवाटे संदेश मेंदूकडे जातो. कोट्यवधी पेशींमध्ये एकाच वेळी झालेल्या या बदलाची क्षीण लाट बुबुळाच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचते. ती मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागात मोजावी लागते.

स्वीडनमधील उप्साला येथील फ्रिथिऑफ हॉल्मग्रेन यांना १८६५ मध्ये बेडकाच्या डोळ्यात ही वीज प्रथम आढळली. स्कॉटलंडमध्ये जेम्स ड्युअर आणि जॉन मॅकेंड्रिक यांनी १८७३ च्या सुमारास स्वतंत्रपणे तेच दाखवून दिले. यातले ड्युअर पुढे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये गेले. बोस यांच्या चरित्रात त्यांची पुन्हा गाठ पडते.

बंगाली शाळेतून केंब्रिजपर्यंत

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी मैमनसिंग येथे झाला. हा भाग आता बांगलादेशात आहे. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी होते. त्या काळी अशा घरातील मुले इंग्रजी शाळेत जात. भगवानचंद्रांनी मात्र मुलाला आधी बंगाली शाळेत घातले. तिथे त्याच्या बाकावर घरच्या मुस्लीम नोकराचा मुलगा आणि एका कोळ्याचा मुलगा बसत असे. पशुपक्षी आणि पाण्यातल्या जिवांच्या गोष्टी त्याने या सोबत्यांकडून ऐकल्या. पुढे कोलकात्याच्या सेंट झेवियर्समध्ये फादर लाफों यांनी प्रयोग करून दाखवत भौतिकशास्त्र शिकवले आणि त्याची गोडी लागली.

१८८० मध्ये ते वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनला गेले. पण अंगात मुरलेला ताप पुन्हा पुन्हा येई आणि शवविच्छेदनाच्या खोलीतल्या वासाने तो बळावे. डॉक्टर होण्याचा विचार सोडून ते केंब्रिजच्या ख्राइस्ट्स कॉलेजात गेले. तिथे लॉर्ड रॅले यांच्यासारखे शिक्षक मिळाले. १८८४ मध्ये पदवी घेऊन ते परतले आणि १८८५ मध्ये कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवू लागले.

तीन वर्षे बिनपगारी का?

त्या वेळी शिक्षण खात्यात भारतीय प्राध्यापकाला युरोपीय प्राध्यापकाच्या दोन तृतीयांश पगार मिळे. बोस यांची नेमणूक हंगामी असल्याने त्याच्याही निम्माच, म्हणजे एक तृतीयांश पगार त्यांच्या वाट्याला आला. त्यांनी नोकरी सोडली नाही, तक्रारींचे अर्ज करत बसले नाहीत. शिकवणे चालू ठेवले आणि पगार घेणे बंद केले. घरावर वडिलांचे कर्ज होते, १८८७ मध्ये अबला दास यांच्याशी विवाह झाला होता, तरीही हे तीन वर्षे चालले. अखेर सरकारने पूर्ण पगार मान्य केला आणि मागची थकबाकीही दिली. त्या पैशांचा उपयोग कर्ज फेडण्यासाठी झाला. अबला बोस यांनी मद्रासमध्ये वैद्यकशास्त्राचे शिक्षण घेतले होते. पुढे स्त्रीशिक्षणाच्या कामासाठी त्या स्वतंत्रपणे ओळखल्या गेल्या.

कॉलेजात संशोधनासाठी प्रयोगशाळा नव्हती. एका लहानशा खोलीत, पत्र्याचे काम करणाऱ्या स्थानिक कारागिराला हाताशी धरून, बोस यांनी उपकरणे बनवली. १८९४ मध्ये वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांनी संशोधनाला वाहून घेण्याचे ठरवले. लवकरच त्यांनी मिलिमीटरमध्ये मोजता येतील इतक्या आखूड विद्युत लहरी निर्माण केल्या. कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये त्या भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली. १८९६ मध्ये लंडन विद्यापीठाने त्यांना डी.एस्सी. दिली. १८९७ च्या जानेवारीत त्यांनी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये व्याख्यान दिले.

यंत्र थकते कसे?

या लहरी पकडण्यासाठी बोस जे उपकरण वापरत, त्यात धातूंचे नाजूक स्पर्शबिंदू असत. लहर आली की त्यातून वाहणारा प्रवाह बदले. बराच वेळ वापरल्यावर मात्र उपकरण मंदावते आणि थोडी विश्रांती दिली की पुन्हा तरतरीत होते, असे त्यांच्या लक्षात आले. दुसऱ्या कुणी ही यंत्रातली खोट समजून दुरुस्ती केली असती. बोस यांना त्यात थकलेला स्नायू दिसला.

इथून त्यांचे संशोधन वळले. कथलाच्या तारेला पीळ द्यायचा किंवा टिचकी मारायची आणि उठणारा विद्युत प्रवाह गॅल्व्हनोमीटरवर नोंदवायचा. मग तेच झाडाच्या देठावर आणि प्राण्याच्या स्नायूवर करायचे. वारंवार धक्के दिले की प्रतिसाद लहान होई, विश्रांतीने वाढे. काही रसायनांनी तो उसळे, तर ऑक्झॅलिक अॅसिडसारख्या रसायनाने कथलाच्या तारेतला प्रतिसादही मावळे. या तुलना त्यांनी १९०० मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र परिषदेत मांडल्या. त्यानंतर इंग्लंडमध्ये त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. बरे झाल्यावर ते रॉयल इन्स्टिट्यूशनच्या डेव्ही-फॅरेडे प्रयोगशाळेत काम करू लागले. तिथल्या प्रमुखांमध्ये ड्युअर होते. दृष्टिपटलाची वीज सुरुवातीला मोजणाऱ्यांपैकी एक जण ज्या प्रयोगशाळेची सूत्रे सांभाळत होता, तिथे बोस पोहोचले होते.

चांदीचा डोळा कसा होता?

बोस यांनी चांदीची एक सळई घेतली. तिचे एक टोक ठोकून वाटीसारखे पोकळ केले. वाटीच्या आतल्या बाजूला थोडा वेळ ब्रोमीनची वाफ दिली. त्यामुळे आत प्रकाशाला संवेदनशील असा पातळ थर बसला. जुन्या फोटोच्या काचेवर असे, साधारण तसाच. वाटीत पाणी भरले आणि वाटी व सळई गॅल्व्हनोमीटरला जोडली. आतला थर म्हणजे दृष्टिपटल आणि मागची सळई म्हणजे डोळ्याची नस, अशी ही रचना होती.

वाटीत प्रकाश सोडला की काटा हले. प्रकाश वाढवला की प्रतिसाद वाढे. प्रकाश बंद केल्यावर तो लगेच थांबत नसे. काही वेळ हेलकावे खात असे. कधी मुख्य प्रतिसादाआधी उलट दिशेला छोटा झटका दिसे. बेडकाच्या डोळ्यातून मिळालेल्या नोंदींशी त्यांनी या रेघा ताडून पाहिल्या आणि साम्य दाखवले. तेजस्वी दिव्याकडे पाहून डोळे मिटल्यावरही दिव्याची आकृती का तरळते, याचे उत्तर त्यांना या हेलकाव्यांत सापडेल असे वाटले.

त्यांनी माणसांवरही साधे प्रयोग केले. स्टिरिओस्कोपमध्ये एका डोळ्यासमोर उजवीकडे कललेली आणि दुसऱ्यासमोर डावीकडे कललेली फट ठेवली. दोन्ही डोळ्यांनी उजळ आकाशाकडे पाहिले की फुली दिसे. पण पाहता पाहता कधी एक रेघ ठळक होई, कधी दुसरी. डोळे मिटल्यावर हा खेळ अधिक स्पष्ट होई. दोन्ही डोळे प्रत्येक क्षणी सारखेच पाहत नाहीत, आळीपाळीने जोर धरतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

याच काळात त्यांनी गॅलेना या शिशाच्या खनिजाचा स्फटिक वापरून एक ग्राहक बनवला. तो विद्युत लहरींना प्रतिसाद देई आणि प्रकाशालाही. आपल्या डोळ्याला न दिसणारे ‘पाहणारे’ हे दृष्टिपटलच, अशी त्यांची धारणा होती. पेटंट घेण्याची त्यांना इच्छा नव्हती. सारा बुल या अमेरिकी स्नेही महिलेच्या आग्रहाने अर्ज झाला आणि १९०४ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले. अर्धवाहकावर आधारलेल्या उपकरणांच्या सर्वांत जुन्या पेटंटांमध्ये त्याची गणना होते.

रॉयल सोसायटीत विरोध का झाला?

१० मे १९०१ रोजी रॉयल इन्स्टिट्यूशनमधील व्याख्यानात बोस यांनी धातू, वनस्पती आणि प्राणी यांच्या प्रतिसादाच्या रेघा शेजारी शेजारी दाखवल्या. व्याख्यान गाजले. जूनमध्ये रॉयल सोसायटीत तोच विषय मांडल्यावर मात्र शरीरशास्त्रातील बडी मंडळी विरोधात उभी राहिली. त्यात जॉन बर्डन-सँडरसन होते आणि ऑगस्टस वॉलरही. वॉलर साधे विरोधक नव्हते. १८८७ मध्ये माणसाच्या हृदयाचा पहिला विद्युत आलेख त्यांनी काढला होता आणि बेडकाच्या दृष्टिपटलातील प्रवाहांवरही त्यांचे काम होते.

भौतिकशास्त्रज्ञाने शरीरशास्त्रात पडू नये, असा एक सूर होता. दुसरा आक्षेप शब्दाचा होता : निर्जीव धातूबाबत ‘प्रतिसाद’ हा शब्द वापरू नये. बोस यांनी शब्द बदलायला नकार दिला. परिणामी त्यांचा निबंध सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला नाही. १९०२ मध्ये त्यांनी हे सारे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. सजीव आणि निर्जीवांच्या प्रतिसादाविषयीच्या या पुस्तकात दृष्टिपटलातील वीज, चांदीचा डोळा आणि दृष्टीचे प्रयोग यांना स्वतंत्र प्रकरणे आहेत. लेखनाच्या कामात भगिनी निवेदितांचे मोठे साह्य झाले.

बोस कुठे बरोबर होते, कुठे कमी पडले?

आज मागे वळून पाहता दोन्ही बाजूंना काही दिल्याशिवाय न्याय होत नाही. चांदीच्या थरावरचा परिणाम हा रासायनिक आहे. त्या थराला जीव नाही, तो झिजला तर स्वतःला सावरू शकत नाही. दृष्टिपटलातील वीज जिवंत पेशींच्या आवरणातून ये-जा करणाऱ्या कणांमुळे तयार होते. शिवाय रॉड आणि कोन पेशींत प्रवाह अंधारात वाहत असतो आणि प्रकाश पडल्यावर घटतो, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कळले. १९०१ मध्ये याचा अंदाज कुणालाच नव्हता. रेघा सारख्या दिसल्या म्हणून त्यामागची यंत्रणा एकच, असे म्हणता येत नाही. हा आक्षेप रास्त होता.

पण धक्का ठरावीक ताकदीचा द्यायचा, विश्रांती मोजून द्यायची, प्रतिसादाची रेघ कागदावर उतरवायची आणि रेघेच्या बदलावरून आतली स्थिती ओळखायची, ही पद्धत टिकली. जिवंत वनस्पतीला क्लोरोफॉर्म देऊन प्रतिसाद कसा मंदावतो हे बोस तपासत. १९३३ मध्ये राग्नार ग्रानिट यांनी मांजराला ईथरची भूल वाढवत नेत दृष्टिपटलाच्या लाटेतले तीन घटक वेगळे करून दाखवले. ग्रानिट हे बोस यांचे शिष्य नव्हते. त्यांची परंपरा युरोपातील शरीरशास्त्राची. तरी प्रतिसाद मंदावत नेऊन आतले उलगडण्याची युक्ती दोघांकडे दिसते. ग्रानिट यांना १९६७ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

वनस्पतींचे दिवस

१९०२ नंतर बोस यांचा मोर्चा जवळजवळ पूर्णपणे वनस्पतींकडे वळला. लाजाळूच्या पानांची हालचाल, देठातून जाणारा संदेश, वाढीचा वेग हे मोजण्यासाठी त्यांनी नवनवी यंत्रे बनवली. त्यातले क्रेस्कोग्राफ वाढीची हालचाल हजारो पटींनी मोठी करून दाखवी. १९१५ मध्ये ते कॉलेजातून निवृत्त झाले. १९१७ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी आपल्या ५९ व्या वाढदिवशी त्यांनी कोलकात्यात बोस इन्स्टिट्यूट सुरू केली. ज्या रॉयल सोसायटीने निबंध छापला नव्हता, तिने १९२० मध्ये त्यांना फेलो म्हणून निवडले. त्याच वर्षी त्यांचे इंग्रजी चरित्र आले. ते लिहिणारे पॅट्रिक गेडिस तेव्हा मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे बोस यांचे निधन झाले.

बोस यांच्यानंतर चाचणी रुग्णापर्यंत कशी पोहोचली?

मोजण्याची साधने आधी सुधारली. हॉलंडचे विलेम आइंटहोव्हेन यांनी अतिशय नाजूक गॅल्व्हनोमीटर बनवला. १९०८ मध्ये त्यांनी आणि जॉली यांनी दृष्टिपटलाच्या लाटेतील टप्प्यांना ए, बी, सी अशी नावे दिली. आजच्या रिपोर्टवरही ‘ए’ आणि ‘बी’ दिसतात ती यातूनच. पुढे डोळ्यावर बसवायच्या काँटॅक्ट लेन्समध्येच इलेक्ट्रोड बसवला गेला आणि माणसावर चाचणी करणे सोपे झाले.

१९४५ मध्ये स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ गोस्टा कार्पे यांनी रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. रेटिनायटिस पिग्मेंटोसा या आनुवंशिक आजारात ही लाट जवळजवळ पूर्ण मावळलेली असते, असे त्यात दिसले. त्यातले काही रुग्ण तर समोरचे अजून बऱ्यापैकी पाहू शकत होते. प्रतिसाद आधी जातो, अंधत्व नंतर येते. हे पाहायला बोस हयात नव्हते.

आज ही चाचणी कशी होते?

थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि रुग्णाला साधारण २० मिनिटे अंधारात बसवतात, म्हणजे रॉड पेशी पूर्ण जाग्या होतात. बुबुळावर विशेष लेन्स किंवा पापणीच्या कडेला बारीक धागा आणि कपाळाजवळ इलेक्ट्रोड लावतात. डोळा थेंबांनी बधिर केलेला असल्याने वेदना होत नाहीत. आधी अगदी मंद प्रकाशाचा झोत सोडतात. त्याला रॉड उत्तर देतात. मग प्रखर झोत. त्यात रॉड आणि कोन दोन्ही बोलतात. नंतर उजेडात बसवून, सेकंदाला ३० वेळा लुकलुकणारा प्रकाश दाखवतात. इतक्या वेगाला फक्त कोन साथ देऊ शकतात. पद्धत जगभर सारखी असावी म्हणून १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरवले गेले.

रिपोर्टवरचा खाली जाणारा ‘ए’ टप्पा मुख्यतः प्रकाश टिपणाऱ्या पेशींचा असतो. वर चढणारा ‘बी’ टप्पा त्यांच्या पुढच्या थराचा.

एकाच तक्रारीची तीन कारणे

अंधारात न दिसणे ही तक्रार एक, पण तिची कारणे वेगळी. अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने रातांधळेपणा आला असेल तर रॉड पेशींचा प्रतिसाद घटतो आणि वेळेवर उपचार केल्यावर सुधारतो. जन्मजात पण न वाढणाऱ्या रातांधळेपणाच्या एका नेहमीच्या प्रकारात ‘ए’ टप्पा ठीक असतो, ‘बी’ मात्र जवळजवळ नसतो. अशा मुलाची नजर हळूहळू जाण्याची भीती सहसा नसते. रेटिनायटिस पिग्मेंटोसात आधी रॉड आणि मग कोन क्षीण होत जातात, बाजूचे दिसणे कमी होत नजर नळीतून पाहिल्यासारखी होते. हा आजार जगात साधारण चार हजारांत एकाला होतो. एका मुलाला आयुष्यभर पुरेल अशी दिलासा देणारी बातमी आणि दुसऱ्याला आधीपासून तयारी करावी लागेल अशी बातमी, यातला फरक या रेघेतून कळू शकतो. सुरुवातीच्या काळात पडदा वरून पाहता जवळजवळ नेहमीसारखा दिसत असला तरी रेघ आजार सांगते.

चाचणीला मर्यादाही आहेत. ती पूर्ण दृष्टिपटलाचा एकत्र हिशेब देते. पडद्याच्या मध्यभागाचा छोटासा आजार किंवा केवळ नसेचा आजार यात ती नेहमीसारखी येऊ शकते. त्यासाठी वेगळ्या तपासण्या लागतात. तसेच ही चाचणी निदानासाठी आहे, ती उपचार नाही.

कुटुंबाने काय लक्षात ठेवावे?

हा आजार वेगवेगळ्या मार्गांनी पुढच्या पिढीत येतो. एका प्रकारात आई आणि वडील दोघेही निरोगी असतात, पण दोघांकडून सदोष जनुकाची एकेक प्रत मुलाला मिळते. मामाची मुलगी किंवा आत्याचा मुलगा अशी नात्यातली लग्ने होतात तिथे हा धोका वाढतो. म्हणून निदान झाल्यावर भावंडांची तपासणी आणि जनुकीय सल्ला महत्त्वाचा. आरपीई६५ या एका जनुकातील दोषासाठी अमेरिकेत २०१७ मध्ये जनुकीय उपचाराला मान्यता मिळाली. तो उपचार उरलेल्या जिवंत पेशींवरच चालतो. बहुतेक इतर प्रकारांवर अजून असा उपचार नाही. त्यामुळे नेमके जनुक कोणते आणि किती पेशी अजून उत्तर देत आहेत, हे दोन्ही कळणे गरजेचे ठरते.

नजर कमी होत गेली तर अपंगत्वाचे प्रमाणपत्रही मिळते. २०१६ च्या कायद्यात केवळ अक्षर वाचण्याची क्षमता नव्हे, तर दृष्टीचे क्षेत्र किती अंशांवर आले आहे हेही धरले जाते. नळीतून पाहावे तसे दिसणाऱ्या रुग्णांना याचा उपयोग होतो. अंधारात धडपडणाऱ्या मुलाला वेंधळे म्हणून गप्प करण्याऐवजी त्याची तक्रार नोंदवून वेळेत दृष्टिपटल तज्ज्ञाकडे नेणे, ही या सगळ्याची पहिली पायरी आहे.